बिनउंबऱ्याचं दार

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णांनी टेम्पोत सगळ्यात शेवटी एक घमेलं टाकलं. सिमेंट वाहायचं, जुनं, काठाला वाकलेलं. लग्नाला आठ दिवस झाले होते. कपाट, गादी, भांड्यांची पोती, मिक्सरचा खोका असं सगळं रचून झालं होतं आणि वर हे घमेलं. मी म्हटलं, "अण्णा, तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली हाय आमची. तितं घमेलं काय करू, डोक्यावर घेऊन नाचू?" अण्णा दोरी आवळत म्हणाले, "लागतंय की." एवढंच. आई रडत होती, शेजारच्या बाया रडत होत्या, आणि मी घमेल्यावरून भांडत गावाबाहेर पडले. वैरागचा स्टँड येईपर्यंत रडू आलंच नाही. नंतर आलं, तेव्हा बघायला कुणी नव्हतं.

माझे वडील, म्हणजे अण्णा, गवंडी आहेत. वैरागच्या आसपासच्या गावांत निम्म्या घरांना त्यांचा हात लागलेला आहे. त्यांची एक रीत आहे. नव्या कामावर पहिला घाव घालायच्या आधी ते दारात उभे राहून घरधन्याला विचारतात, "घरात कुणी दोन जीवाचं हाय का?" गरोदर बाईच्या घरात तोडफोड करू नये, चौकट हलवू नये, खिळासुद्धा ठोकू नये, असं आमच्याकडे मानतात. मानतात सगळेच, पण दारात उभं राहून विचारणारे अण्णा एकटेच. "व्हय" असं उत्तर आलं की थापी पिशवीत टाकायची आणि "मग बाळंतीण उठल्यावर बघू" म्हणून माघारी फिरायचं. अशी हातातली कितीतरी कामं दुसऱ्यांनी नेली. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. हा प्रश्न आला की घरातल्या सुना तोंडाला पदर लावून आत पळायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सोलापुरात आल्यावर अण्णा आठवावेत अशी सवडच नव्हती. माझा नवरा सागर टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला, मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला. सकाळी साडेआठला दोघं दोन दिशांना. गावाकडून फोन यायचा, "कसं काय, करमतंय का?" आता करमायला वेळ तरी पाहिजे ना! घमेलं मात्र लागायचंच. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, तेव्हा कपडे त्याच्यातच भिजायचे. हे मी अण्णांना कधी कळू दिलं नाही.

पहिल्या वर्षीच दिवस राहिले. सागरनं त्याच दिवशी सगळ्यांना फोन लावले. त्याच्या आईला, माझ्या आईला, मामाला, पुण्यात हडपसरला गेलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना. सहावा आठवडा होता. दहाव्या आठवड्यात ते सगळे फोन पुन्हा लावावे लागले. पेढे वाटून झालेल्या माणसाला परत फोन करून काय सांगायचं असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. सगळे चांगलंच बोलले. फक्त आई म्हणाली, "भिताडाला खिळा-बिळा ठोकला व्हता का गं?"

ठोकला होता. कॅलेंडरसाठी, एकच. मी फोन आपटला आणि महिनाभर आईशी धड बोलले नाही. कारखान्यात दिवसभर उभी राहून कापडाचे थर कापत होते, त्याचं कुणाला काही नाही, आणि आळ आला खिळ्यावर! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पहिल्या वेळी होतं असं कुणाकुणाचं, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. मला ते पटलेलं होतं. पण रात्रंदिवस तो खिळा दिसायचा, तेव्हा एके दिवशी पक्कड घेऊन मीच उपटून काढला.

त्यानंतर दीड वर्षानं आम्ही घर घेतलं. हैदराबाद रोडच्या बाजूला, विणकरांच्या वस्तीला लागून, दोन खोल्या आणि वर पत्रा. घर पाहावं बांधून म्हणतात. आमचं बांधलेलं होतं तरी नाकी नऊ आले. सागर मोबाईलवर व्हिडिओ बघून कामाला लागला. पहिल्या रविवारी बाहेरच्या खोलीच्या एका भिंतीला रंग दिला. दुकानातल्या कार्डावर तो आकाशी होता, भिंतीवर पोलीस चौकीसारखा दिसायला लागला. दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघराच्या ओलीवर चिकटवायच्या कागदी टाइल्स लावल्या. तिसऱ्या रविवारपर्यंत त्या एकेक करून भाजीत पडल्या. तेवढ्यात पुढच्या दाराच्या चौकटीला वाळवी निघाली, उंबरा तर बोटानं दाबला तरी भुगा व्हायचा. शेवटी सागरच म्हणाला, "अण्णांना बोलवू या."

अण्णा यायच्या चार दिवस आधी मला कळलं की पुन्हा दिवस राहिलेत.

या वेळी आमचं ठरलं होतं. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, आईला नाही, सासूबाईंना नाही. परत ते फोन लावायची माझ्यात ताकद नव्हती. सागर म्हणाला, मग अण्णांना नंतर यायला सांगू. पण काय कारण सांगायचं? दर आठवड्याला आईच विचारत होती, "घराचं काम कवा काढताय?" आणि खरं सांगायचं तर मला त्या रितीचा रागच होता. एका खिळ्यानं पोटातलं जातं म्हणे!

अण्णा वैरागहून एसटीनं आले. पिशवीत थापी, भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा, पाण्याची लेव्हल आणि आईनं दिलेली शेंगाचटणी. मला वाटलं, लेकीच्या घरी काय विचारणार? पण चपला काढून ते दारातच थांबले आणि परक्या घरी विचारावं तसं, कुणाकडेही न बघता म्हणाले, "पाव्हणं, घरात कुणी दोन जीवाचं हाय का?" सागरनं माझ्याकडे बघितलं. मी चहाचं पातेलं उतरवत म्हटलं, "न्हाय ओ अण्णा." माझा आवाज अगदी सरळ आला. अण्णांनी ओळंबा खुंटीला टांगला. काम चालू असेतो तो तिथंच असतो, काम झाल्यावरच खाली निघतो. मग त्यांनी हातोडी उचलली.

चार दिवसांत त्यांनी घराचं रूप पालटलं. ओटा नवा झाला, ओल धरलेला गिलावा खरवडून नवा लागला. सागरच्या पोलीस चौकीकडे बघून म्हणाले, "रंग लई टिकाऊ दिसतोय." दाराचा कुजका उंबरा उपटून काढला, चौकटीच्या बाजू पक्क्या केल्या. नवा उंबरा शुक्रवारी बसवायचा होता. बुधवारी संध्याकाळी मी कारखान्यातून आले तेव्हा त्यांनी ताज्या भिंतीवर पाणी मारलं होतं. त्या वासानं मी वेडीच झाले. पिशवी खाली टाकली, भिंतीला नाक लावलं आणि किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मागं वळले तर अण्णा बादली हातात धरून माझ्याकडे बघत होते. 

गुरुवारी सकाळी मला रक्ताचे डाग दिसले.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. ठोके आहेत म्हणाल्या. तीन आठवडे पडून राहा, गोळ्या घ्या, पुढचं पुढे बघू. रिक्षातून येताना सागर माझा हात धरून बसला होता आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हे गेलं, तर अण्णा तो दोष स्वतःच्या हातावर घेतील. आईनं एका खिळ्याचं नाव घेतलं होतं; इथं तर त्यांनी चार दिवस हातोडी चालवली होती, आणि ती मी खोटं बोलून त्यांच्याकडून चालवून घेतली होती. उभा जन्म ज्या माणसानं विचारल्याशिवाय कुणाच्या भिंतीला हात लावला नाही, त्याला मी त्याच्याच नातवंडाच्या बाबतीत फसवलं होतं. रीत खरी की खोटी, याचा आता काही उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी ती खरी होती. मला त्या दुपारी पोटातल्या जिवाइतकीच अण्णांची काळजी वाटत होती.

अण्णा पायरीवर बसले होते. हातोडी सकाळपासून उचललेली नव्हती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काल संध्याकाळीच वळखलं मी. तुझी आई बी तुझ्या येळंला असंच भिताडाला नाक लावायची." मग पायाजवळची हातोडी पिशवीत ठेवत म्हणाले, "मी इचारलं व्हतं की, रेशमे."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी पडल्या पडल्या बघत होते. त्यांनी खोली झाडली, राडारोडा घमेल्यानं बाहेर नेला, आणि उंबऱ्याच्या जागी जो खड्डा होता त्यात वाळू भरून थापीनं सपाट केली. "ठेच लागाय नगं," एवढंच सागरला म्हणाले. मग खुंटीवरचा ओळंबा काढून पिशवीत टाकला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. घमेलं मात्र ठेवून गेले.

डाग थांबले, पोट वाढू लागलं, आणि पुढचे महिने असेच गेले. सगळ्यांना आपोआपच कळलं होतं, त्यामुळे फोन करायचा प्रश्नच उरला नाही. सागर म्हणाला, उंबरा दुसऱ्या कुणाकडून बसवून घेऊ. मी नको म्हटलं. कॅलेंडर नऊ महिने फ्रीजवर आडवं पडलं होतं, पण मी घरात खिळा ठोकू दिला नाही. विश्वास बसला होता का? तसं काही नाही. ठोकू दिला नाही, एवढं खरं. शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का राहतात. दर शुक्रवारी त्या स्वतःच्या उंबऱ्याला हळद लावतात. ती लावून झाली की आमच्या दारात येऊन त्या वाळूवर हळदीची एक रेघ ओढायच्या. "उंबरा नाय तर नाय, जागा तर हाय की तुझी," म्हणायच्या. सुरुवातीला आत येताना माझा पाय सवयीनं उचलला जायचा. हळूहळू उचलायचा थांबला.

अण्णा फोनवर येत नसत. आई बोलायला लागली की मागून त्यांचा आवाज ऐकू यायचा, "काय म्हनती?" आई म्हणायची, "बरी हाय."  एकदा आईनं सांगितलं, "आता त्ये दोनदा इचारत्यात गं. घरधन्याला एकदा आन् मग आत जाऊन बाईला एकदा. लोक हसत्यात." मी हसले नाही. फोन ठेवल्यावर रडले मात्र पुष्कळ.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरबाई प्रवास नको म्हणाल्या, म्हणून आईच इकडे आली. मुलगी झाली. चांगली ठणठणीत, आवाज तर थेट माझ्या आईवर गेलेला. बारशालाही अण्णा आले नाहीत. मामाच्या हाती झबलं पाठवलं. मी मनात म्हटलं, आता ते येतच नाहीत.

चाळिसाव्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. अण्णा उतरले. बरोबर पोत्यात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. सुताराकडून रंधून घेतलेला बाभळीचा उंबरा वैरागहून एसटीनं आणला होता. चपला काढल्या आणि दारातच थांबले. वाळूवर अक्कांची कालची रेघ होती. ती न ओलांडता त्यांनी सागरला विचारलं, "पाव्हणं, घरात कुणी दोन जीवाचं हाय का?"

सागर म्हणाला, "नाही अण्णा."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. गेल्या वेळी बघितलं नव्हतं. "रेशमे?"

मी पोरीला खांद्यावर घेऊन उभी होते. म्हटलं, "न्हाय अण्णा. दोगी दोन झालो आता." त्यांनी मान हलवली, ओळंबा खुंटीला टांगला आणि म्हणाले, "लेकराला अक्काकडं न्ह्या, आवाज हुईल." मग मात्र थांबले, हात धोतराला पुसले आणि पोरीला घेतलं. किती तरी वेळ दिलीच नाही. शेवटी आई ओरडली, "अहो, काम करा की!"

गावाकडच्या माणसांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बायांनो, मला आता कुणी गाव विचारलं तर मी अजून वैरागकडचंच सांगते. घर विचारलं तर आधी नुसता पत्ता सांगत होते. त्या दिवशी दुपारी उंबरा बसला, त्याखाली हळदकुंकू पडलं, अक्कांनी हळद लावली. मी पोरीला आणायला शेजारी गेले. परत येताना नऊ महिन्यांची सवय नडली आणि पायाचा अंगठा उंबऱ्यावर सणकून आपटला. मी कळवळून खाली बसले. अण्णा घमेलं धूत होते.

"हुईल सवय," ते म्हणाले. "घर हाय न्हवं तुजं."