उलटं कार्ड

ती पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती जिन्यात. आईला घेऊन वरच्या मजल्यावर राहायला येऊन तिला महिना झाला होता. त्या दिवशी तिने माझ्या हातातली जड पिशवी आपणहून घेतली आणि तिच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मला दिसलं. फोटो आत, कोरी पाठ बाहेर. छत्तीस वर्षं मुलांच्या शर्टाची बटणं तपासलेली मी, राहवलं नाही.

“कार्ड उलटं लागलंय तुमचं.”

“मुद्दाम आहे, बाई. कट्ट्यावरून येतेय.”

आमच्या मागच्या रस्त्यावर संगणकाच्या चौदा कंपन्या एकमेकींना खेटून आहेत. गाड्या लावायच्या जागेशेजारी सिमेंटचा एक बुटका कट्टा आहे. चार वाजता सगळ्या कंपन्यांतली माणसं तिथे चहाला जमतात आणि येताना कार्ड उलटं करतात. मग कोण कुठला हे विचारायचं नाही. अडलेलं मात्र काहीही विचारायचं. पथ्य एकच : तोंडी सांगायचं, कागद द्यायचा नाही.

एकदा ती चष्मा घरी विसरली. तिची आई म्हणाली, “फिरायला निघालाच आहात, तर देता का?” म्हणून तो कट्टा मी पाहिला.

“चौकशी खिडकी उघडली का?” एका ढेरपोट्याने तिला विचारलं. ‘चौकशी खिडकी’ हे तिचं तिथलं नाव.

“आधी चहा सांग. फुकटच्या सल्ल्याला गुण नसतो.” त्याचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, “हे मला येत नाही. तिसऱ्या इमारतीतल्या दाढीवाल्याने गेल्या वर्षी यावरच डोकं फोडून घेतलंय. माझं नाव सांग. आधी शिव्या देईल, मग सगळं सांगेल.”

कुणाला काय येतं, ते तिला पाठ होतं. तीही असंच विचारत विचारत शिकलेली.

पुढच्या वर्षी शेजारच्या कंपनीतला एक लुकडा इंजिनियर तिच्याकडे आला. रोज सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी झाली की त्याची यंत्रणा बंद पडायची. शुक्रवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर घरी बस, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं. हाच बिघाड तिने स्वतःच्या कंपनीत निस्तरला होता. तिने तीनदा समजावलं. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. तो रडकुंडीला आला. तेव्हा तिने पर्समधला एक कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर चौकोन, बाण काढून दिले.

पुढच्या बाजूला तिच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं.

त्याने तो कागद टेबलावर चिकटवला. त्याच्या साहेबांनी तो सोडवून उलटून पाहिला. ते आणि तिचे साहेब पूर्वी एकाच खोलीत काम केलेले, अजून फोनवर बोलणारे. दुसऱ्या दिवशी तिला चौकशीला बोलावलं. कंपनीचं गुपित बाहेर दिल्याचा आळ होता. बदल्यात काही घेतलं नाही, अडलेल्याला मदत केली, एवढ्या दोन ओळी त्या लुकड्याने लिहून दिल्या असत्या तर तिची नोकरी टिकणार होती. तीन दिवस तिने फोन केले. त्याने उचलला नाही. त्याच्यासाठी निरोप ठेवायला तिने दाढीवाल्यालाही सांगून पाहिलं. चौथ्या दिवशी तिला काढलं.

“आणि त्याची नोकरी?” मी विचारलं.

“राहिली. चित्र बरोबर होतं ना, बाई.”

नव्या जागांची खबरही कट्ट्यावरच लागते, म्हणून महिन्याभराने ती तिथे गेली. दहा मिनिटांत परत आली आणि माझ्या दारातल्या पायरीवर बसली.

“काय गं?”

“मला येताना बघितलं आणि एकेकाने कार्ड सुलटं केलं.” पर्स मांडीवर घेत ती म्हणाली, “वाईट कुणी बोललं नाही हो. चहासुद्धा दिला.”

वरून तिच्या आईने हाक मारली, “आज कोण कोण भेटलं गं?” रोजचाच प्रश्न. ती डोळे पुसून “सगळे भेटले” म्हणाली आणि जिना चढली.

माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. मी शब्द टाकला. ती आता तिथे आठवी-नववीला संगणक शिकवते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जात नाही. संगणकांच्या खोलीतच एकटी डबा खाते.