पुंडलिकच्या निकालाची नक्कल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — का, ते कळेलच तुम्हाला.

ऐंशीच्या पुढचीच ती वर्षं. मी कोर्टाच्या नक्कल विभागात कारकून. निकालाच्या, साक्षींच्या नकला टाइप होऊन माझ्या टेबलावर यायच्या. पैसे भरणाऱ्याकडे पावती असायची. तो येऊन टेबल ठोकायचा. तुरुंगातल्या गरीब कैद्याला मात्र अपिलासाठी नक्कल फुकट. फुकट म्हणून पावती नाही, आणि पावती नाही म्हणून विचारणारंही कोणी नाही.

पण पुंडलिकसाठी विचारणारी होती. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर झालेल्या मारामारीत त्याला सात वर्षांची सजा झालेली, नागपूरच्या तुरुंगात होता. त्याची बायको सुमन दर मंगळवारी आर्वीहून एस.टी.नं यायची. "भाऊ, नक्कल झाली काय जी? वकीलसाहेब म्हणते, नक्कल आली का जामिनाचा अर्ज टाकतो." मग बाकावर बसून त्याच्याबद्दलच बोलायची. त्याईले कडक भाकर लागते, त्याईले थंडी सोसत नाई... मी ऐकत राहायचो. का ऐकायचो?

जळायचो म्हणून. होय, जळायचो! मी पगारी माणूस, नालवाडीत दोन खोल्या — आणि मला कोण विचारत होतं? घरी गेलो की बायको ताट वाढून शेजारी निघून जायची. इथे एका कैद्यासाठी ही बाई चपला झिजवत होती. असं काय होतं त्याच्यात? एकदा तिनं त्याचं पत्र काढलं. वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून बोट फिरवत बसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नक्कल — सांगतो आता — नक्कल तयार होती. पहिल्या पंधरवड्यातच. सही, शिक्का, सगळं. माझ्या खणात होती. ती विचारायची आणि मी म्हणायचो, "नाई आली बाई अजून. पुढच्या मंगळवारी येजो." ती आली नसती तर मला करमलं नसतं, आणि तो सुटून तिच्याजवळ बसलेला मला बघवला नसता. दोन्ही खरं.

"सासूबाईचा जीव त्याईच्यात अडकून राह्यला, भाऊ. डाक्टरनं हात टेकले. काऊन इतका वेळ लागून राह्यला?" हेही तिनं सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. तरी नऊ मंगळवार मी खण उघडला नाही.

दहाव्या मंगळवारी ती बाकावर बसली नाही. म्हणाली, "बुढी गेली परवा. चुलत दिरानं आग देल्ली." मी खण उघडला आणि कालच आल्यासारखी नक्कल तिच्या हातात ठेवली.

तीन आठवड्यांत त्याला जामीन झाला. दोघं मला भेटायला आले. पुंडलिक म्हणजे बुटका, दात पुढे आलेला साधा माणूस. आईसाठी डोकं भादरलेलं. तो माझ्या पाया पडला. सुमन म्हणाली, "तुमी होते म्हणून, भाऊ."

मी त्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला. आणि तेव्हाही मी सुमनकडेच बघत होतो. ती त्याच्याकडे बघत होती.