ज्याचं जाणार, त्याच्या दारात बैठक

अमरावतीतल्या आमच्या माळी लोकांच्या गल्लीत बैठकीचा एक कायदा होता. ठरणाऱ्या गोष्टीत ज्याचं सगळ्यात जास्त जाणार, त्याच्याच दारात सगळ्यांनी जमायचं. चहा शेजाऱ्यांनी आणायचा. अन् त्या घरानं कप उचलल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही. कप उचलला म्हणजे मान्य. नाही उचलला, तर उद्या परत या.

सिमेंट रस्त्याचं ठरत होतं तेव्हा बैठक आमच्या दारात आली. नालीसाठी आमचा ओटा तुटणार होता. वलगावच्या मळ्यातून येणारी शेवंती, मोगरा याच ओट्यावर गोणपाट टाकून त्यावर ओतून माय हार-गजरे करायची. माझं कॉलेज त्याच ओट्याच्या कमाईवर झालं. आमच्या खानदानात पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी आजही कोणी न विचारता सांगते.

माय कपाकडे पाहायलाच तयार नव्हती.

"घे वं बाई, चाय थंडी होऊन राहिली," गल्लीतले सगळ्यात वडीलधारे मोठेबाबा म्हणाले.

"होऊ द्या. ओटा गेल्यावर गजरे कुठं करू? तुमच्या डोक्शावर?"

"डोक्शावर आता उरलं काय," कोणीतरी म्हणालं, अन् टकलावरून हात फिरवत मोठेबाबाही हसले.

मी नवीनच डिग्री घेतलेली. म्हटलं, मतदान घ्या, पाच मिनिटांत होते. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बोटं मोजाले कॉलेजात कायले गेली वो पोरी? नाली गल्लीची हाय, पन ओटा तुह्या मायचा हाय."

चहा गटारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आले. तिसऱ्या दिवशीही आले. शेवटी समोरच्या काकू करवादल्या, "माह्या ओट्यावर बस ना बाई! सकाळचं ऊनही नाई येत तिथं. पन तोंड बंद ठेवून बसशीन तर नाई चालनार. मले गोठी लागते."

"अन् गोनपाट?"

"माह्या घरात ठेव."

मायनं कप उचलला. चहा केव्हाचाच थंड झाला होता. तरी सगळ्यांनी तसाच घेतला. ओटा तुटला त्या दिवशी माय रडली, पण भांडली नाही. पुढची कितीतरी वर्षं ती काकूंच्या ओट्यावर बसली.

काकू गेल्या, त्यांच्या मुलांनी घर विकलं. मी मायला अकोल्याला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. इथं गेटजवळ, कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. पहिल्याच आठवड्यात तिनं तो आपला केला. देवापुरते हार करायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून गोष्टी सांगायची. अमरावती सोडल्यावर मी तिला तिथंच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

यंदा सोसायटीत विषय निघाला, बाक काढायचा, गाड्यांना जागा करायची. विचारणा फोनवर, सोसायटीच्या ग्रुपवर आली. मी 'नको' म्हटलं. संध्याकाळपर्यंत बहुतेकांचे अंगठे 'हो'वर पडले होते.

मी मायला सांगितलं तर तिनं लगेच झाडू घेतला. फ्लॅटच्या दारासमोरची जागा झाडली, चटई टाकली.

"हे काय करून राहिली?"

"बाक माहा चाल्ला ना? मंग येतीन ना लोक."

"माय, ठरलं. फोनवर ठरलं."

"कोनाच्या दारात?"

आमच्या मजल्यावरची दारं बंद होती. लिफ्ट आली, थांबली, वर गेली. त्या क्षणी मला आमची गल्ली आठवली: मोठेबाबांचा खोकला, काकूंची कुरकुर, थंड झालेल्या चहावरची साय. मला जे पाच मिनिटांत उरकायचं होतं, त्याला ती माणसं तीन दिवस देत होती.

बाक निघाला. माय मात्र गोणपाट घेऊन त्याच जागी, दोन गाड्यांच्या मधात बसते. परवा अध्यक्ष आले, नरमाईनंच म्हणाले, "आजी, इथं बसू नका ना. सगळ्यांचं ठरलं आहे."

मायनं सुई थांबवली. "ठरलं कसं? मी अजून कुठं चाय घेतली?"

ते माझ्याकडे पाहू लागले.

संध्याकाळी ती अजूनही दारासमोर चटई टाकते. मी उचलत नाही.