आईच्या माहेरची वीज

आईचं माहेर घाटावरच्या एका धरणाच्या पाण्यात गेलं. घर, पाणंद, देवीचं देऊळ, सगळंच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून गाव बुडवलं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे परळच्या आमच्या खोलीत दिवेलागणीला बटण दाबलं की ती बल्बला हात जोडायची. तिच्या लेखी माहेरची देवी तारेतून रोज आमच्याकडे येत होती.

गिरण्यांचा संप लांबला, वडील घरी बसले, तेव्हा भाकरी थापता थापता तिने विचारलं, "गिरन्या बंद पडल्या न्हवं? मग आता पानी सोडत्याल की."

वडील भडकले. "माझी नोकरी चाललीय आणि तुला माहेराची पडलीय?"

तिची आशा मात्र काही सुटली नाही. मी तेव्हा शाळेत होतो. देवापुढे उभा राहिलो की माझी पंचाईत व्हायची. संप मिटू दे म्हणावं, तर आईचं गाव पाण्यातच राहणार. मिटू नको देऊ म्हणावं, तर आम्ही खाणार काय? शेवटी नुसताच नमस्कार करून पळायचो.

संप मिटल्याचं कुणी सांगितलंच नाही. वडिलांची गिरणी गेली, पुढे वडीलही गेले. गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला आणि त्यात भरदिवसा दिवे जळू लागले. पाणी होतं तिथेच राहिलं.

परवा आमच्या नव्या इमारतीत गच्चीवर सोलर बसवायची मीटिंग झाली. इंजिनिअर समजावत होता: कोळशाचा धूर, अणुविजेचा कचरा, त्या मानाने पाण्याची वीज स्वच्छ. स्वच्छ म्हणताच माझं टाळकं सरकलं. मग सोलरची पॅनेलं जुनी झाली की टाकायची कुठे, असं मी विचारलं, तर तो पुढचं चित्र दाखवू लागला. यातलं बरं कुठलं, मला अजून कळलेलं नाही. सोलरच्या बाजूने मी हात वर केला तो आईसाठी.

घरी येऊन तिला सांगितलं, "आता उन्हावर वीज होणार."

ऐंशी उलटलेली आई अंथरुणात उठून बसली. "मंजी आता सोडत्याल पानी?"

मी म्हटलं, "ऊन असेल तोवरच गं. अंधार पडला की जुनीच वीज."

दिवेलागणीला ती भिंत धरत धरत बटणापाशी गेली, दिवा लावला आणि हात जोडले.

"समद्या गिरन्या बंद पडल्या," ती बल्बकडे बघत देवीला म्हणाली, "पर तुझी रातपाळी काय सुटंना गं आई."