आसन मोडू नये

त्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू असताना पासलीच्या देवळामागच्या खोलीत एक गोरा तरुण राहायला आला. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, मूळचा भोरचा. गावात इंग्रजी समजणारा मी एकटाच, त्यामुळे तो माझ्याकडे आला आणि माझी कॉलर ताठ झाली.

त्याच्या देशात म्हणे कुणाच्या तरी घरी दर रविवारी माणसं जमत, 'मी देह नाही' यावर तासभर बोलत आणि मग डोळे मिटून बसत. त्याची इथून गेलेली पत्रं तिथे मोठ्यानं वाचली जात. अद्वैताच्या वाटेला मी कधी गेलो नव्हतो, पण सातासमुद्रापलीकडे त्याला एवढी मागणी आहे म्हटल्यावर मलाही चेव चढला. वडिलांकडून ऐकलेले चार श्लोक अर्धेमुर्धे पाठ होते, तेवढ्यावर मी गुरू झालो.

तो अनवाणी फिरायचा. श्रावणात त्याच्या तळपायात करवंदीचा काटा मोडला आणि चार दिवसांत पाय सुजला. भोरच्या दवाखान्यात जाऊ, असं मी म्हणालो. तो हसला. "पाय दुखतोय. मला काही होत नाही."

त्याला उचलून एसटीत घालायला हवं होतं. सांगताना लाज वाटते, पण मला त्याचा अभिमान वाटला.

मग त्यानं सात दिवस एका जागी बसायचं ठरवलं. आमच्याकडे अनुष्ठानाला बसलेल्याचं आसन मोडत नाहीत. उंबरा कुणी ओलांडत नाही, जेवण बाहेर ठेवतात. ही रीत त्याला लावली ती मीच. शेजारची एक बाई रोज भाकरी ठेवून यायची आणि ताटली रिकामी मिळायची, म्हणून सगळे निर्धास्त होते. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

"मास्तर, खोलीतनं वास येतुया. म्या आत जाऊ का?"

"आसन मोडू नये," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं कुत्र्याला त्या ताटलीत तोंड घालताना पाहिलं आणि मला न विचारता दार ढकललं. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला वेल्ह्याकडे घेऊन निघालो. त्यानं माझं मनगट गच्च धरलं होतं. "दुखतंय," तो म्हणत होता, "मला दुखतंय." वेल्हं यायच्या आधीच त्याची पकड सुटली.

महिन्याभरानं रविवारच्या त्या मंडळींचं पत्र आलं. शेवटी तो काय म्हणाला, एवढंच त्यांना हवं होतं. मी दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, की तो शांत होता आणि हा देह मी नव्हे, एवढंच म्हणाला. ते त्यांनी तिकडे छापलं.

पुढच्या पावसाळ्यात वेल्ह्याहून दोघं चालत आले, एक गोरा मुलगा आणि एक मुलगी. त्यांच्याजवळ माझ्या पत्राची छापील प्रत होती आणि राहायला तीच खोली हवी होती. बाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, ह्यांस्नी खरं सांगितलंय न्हवं?"

मुलीनं देवळाच्या पायरीपाशी चपला काढल्या आणि त्या आता कुणाला तरी देऊन टाका, असं मला हसत सांगितलं.