दाजींचं पाचवं शील

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना व्हायची. पंचशील सांगताना दाजी पहिली चार शीलं डोळे मिटून म्हणायचे आणि पाचव्याला डोळे उघडायचे. पाचवं शील दारू आणि नशेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना दाजींची नजर पुरुषांच्या रांगेवरून सावकाश फिरायची, आणि शनिवारी जे जे कोणी 'बसलेले' असायचे ते ते सतरंजीची नक्षी बघायला लागायचे. त्यात मीही असायचो. विहारात मी फारसा जायचोच नाही, पण गेलो की नेमका शनिवारी बसलेला असायचो, हे माझं नशीब.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाशिक रोडला स्टेशनच्या अलीकडे त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. देवळाली कॅम्पातल्या साहेबलोकांचे कोट आणि शाळांचे गणवेश, दोन्ही तिथंच व्हायचे. मी एस.टी.त कंडक्टर. ते मला नावानं हाक मारायचे नाहीत, 'कंडक्टर' म्हणायचे. आणि मेव्हण्यानं दाजींची थट्टा करायची नाही तर करायची कुणी? तो माझा हक्क होता आणि मी तो पुरेपूर वसूल केला. आज वाटतं, थोडा सोडला असता तर काय बिघडलं असतं?

माप घेण्याची त्यांची एक रीत होती. टेप छातीभोवती आली की गिऱ्हाईक आपोआप छाती फुगवतं. दाजी टेप तशीच धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "श्वास सोडा. घाई नाही. सोडलेल्या श्वासाचं माप खरं." एकदा एका लष्करी साहेबानं पोट आत ओढून धरलं, तर दाजी त्याच्याशी पाचदहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारत बसले. शेवटी साहेब दमला आणि पोट बाहेर आलं. मग माप. तो कोट साहेबाला इतका बेतशीर बसला की पुढं त्याची आख्खी मेस आमच्या दुकानात आली.

दारूवर त्यांचा एवढा राग का, हे एकदा अक्कानं सांगितलं. त्यांचे वडील अट्टल पिणारे. लहानपणी दाजी त्यांना गटारीच्या कडेवरून उचलून आणायचे. धम्म घेतला त्या दिवशी म्हाताऱ्यानं बाटली सोडली आणि पुन्हा हातात धरली नाही. त्यानंतर तो चारच वर्षं जगला. दाजी म्हणायचे, "आमच्या बापाला धम्मानं चार वर्षं शुद्धीची दिली. मुलाला नावानं ओळखणारा बाप मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मिळाला." त्यामुळं पाचवं शील हा त्यांच्या घरचा मामला होता. तिथं थट्टा चालत नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला त्यांना धास्ती लागली. कारण काहीच नाही. धंदा नीट, पोरगी शाळेत हुशार, देणं कुणाचं नाही. पण कापड पसरून खडूच्या खुणा केल्या की कात्री चालेना. आपण कापू ते चुकेलच, असं वाटायचं. दुकान बंद करून निघाले की इस्त्री तापलेली राहिली म्हणून परत, पुन्हा निघाले की पुन्हा परत. भर दुपारी छातीत धडधडायचं, डावा हात जड व्हायचा, घामानं सदरा भिजायचा, आणि दाजी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. छातीचा कागद, म्हणजे कार्डिओग्राम, काढला, तो साफ निघाला. आमची आई म्हणाली, कुणाला तरी दाखवू, अंगारा लावू. त्या अवस्थेतही दाजींनी सासूला सांगितलं, "मला भूत लागलेलं नाही, आत्या. मला भीती लागलीय."

एका साहेबाच्या कोटाचं गरम कापड अकरा दिवस टेबलावर पडून राहिलं, तेव्हा मी त्यांना नाशिकात मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. वाटेत त्यांनी दोनदा बसमधून उतरायचा प्रयत्न केला. डॉक्टर शांत माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "हा आजार आहे, स्वभाव नाही. गोळ्या देतो. तीन आठवडे काही गुण येणार नाही, नुसता त्रास होईल. तीन आठवडे काढा. आणि आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत."

त्रास झाला, आणि शिंप्याला होऊ नये असाच झाला. तोंडाला कोरड पडायची. दोरा ओवण्याआधी टोक ओलं करायला तोंडात थुंकी नसायची. जवळचं अंधुक दिसायचं, सुईचं नेढं दिसायचं नाही. सकाळी अंग जड, पोट साफ नाही. मी विचारायचो, "दाजी, आज गाडी सुटली का?" ते कसनुसं हसायचे. अक्का रोज सकाळी डझनभर सुया ओवून उशीवर टोचून ठेवायची आणि मशीनशेजारी वाटीभर पाणी. एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. पंचविसाव्या की सव्विसाव्या दिवशी मी दुकानात गेलो, तर ते गरम कापड कापून झालेलं होतं.

मी विचारलं, भीती गेली का. दाजी म्हणाले, "गेली नाही रे. शेजारच्या खोलीत गेली. आवाज येतो तिचा, पण मधलं दार लावता येतं आता."

दोन वर्षं ते दार लागलेलं राहिलं. आमच्या नात्यातल्या लग्नात दाजी मांडवाच्या मधोमध जेवायला बसले. आधी ते कायम बाहेर पडायच्या वाटेशी बसायचे. अक्काच्या अंगावर जरा मांस आलं. आणि त्याच दोन वर्षांनंतर मी माती खाल्ली.

वैशाखातली गोष्ट. माझ्या मुलाच्या नामकरणाला घरची आणि वस्तीतली माणसं जमली होती. आमच्या शेजारी एक सुतार राहायचा, हाडाचा कारागीर आणि हाडाचा पिणारा. दाजी त्याला नेहमीप्रमाणं सुनावत होते, "औषधासारखी घेतो म्हणतोस, पण घेतल्याशिवाय हात चालत नाही ना तुझा?" मला जोर चढला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दाजी, त्याची बाटली आणि तुमची गोळी सख्ख्या बहिणीच की. घेतल्याशिवाय हात तुमचाही चालत नाही." हशा पिकला. सुतार तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दाजीही हसले. ते हसले म्हणून मला वाटलं, विनोद चांगला जमला.

पुढच्या रविवारी दाजींनी चार शीलं म्हटली आणि पाचव्याला थांबले. लोकांना वाटलं घसा कोरडा पडला, कुणीतरी पाणी दिलं. ते प्यायले, पण पुढं बोलले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी वंदना सांगायला त्यांनी दुसऱ्याला उभं केलं आणि स्वतः मागं, चपलांपाशी जाऊन बसले.

मी धावत गेलो. म्हटलं, "दाजी, मस्करी होती हो."

"मस्करी तुझी होती," ते म्हणाले. "प्रश्न माझा आहे. गोळीनं सकाळी डोकं जड राहतं. ही शुद्ध म्हणायची का? बापानं ज्या शुद्धीसाठी बाटली सोडली, ती मी गोळीत घालवतोय का?" मी डॉक्टरांचं नाव काढलं. ते म्हणाले, "डॉक्टर आजाराचं सांगतील. शीलाचं कसं सांगतील?"

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. एक वयस्कर भिक्खू, भंतेजी, तेव्हा सटाण्याच्या विहारात तीन महिन्यांसाठी राहायला आले होते. माझी गाडी आठवड्यातून दोनदा सटाण्याला मुक्कामी असायची. दाजींनी मला दुकानात बोलावून शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "भंतेजींना विचार. माझं नाव घेऊ नकोस. भीतीच्या आजाराची गोळी घेणारा माणूस पाचवं शील म्हणू शकतो का, एवढंच. तोवर गोळी घेत नाही."

"तोवर कशाला बंद करता?"

"ज्याचा निकाल लागला नाही ते तोंडात कसं घालू?"

मी मनात म्हटलं, चारदोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

सटाण्याच्या स्टँडपासून विहार दहा मिनिटांवर. पहिल्या मुक्कामाला मी निघालो होतो, तर आमचा ड्रायव्हर, तिकडचाच, म्हणाला, "कोठे जाई ऱ्हायना? पानी शे ना. बस आठेच." बाहेर पाऊस होता, आत पत्ते पडले होते, मी बसलो. दुसऱ्या खेपेला पाऊसही नव्हता. पण विहारात फारसा न जाणारा मी, भंतेजींपुढं कसा उभा राहू, वंदन कसं करतात, काय बोलू, या संकोचानं पाय उचलेना. खरं सांगतो, आळस होता आणि लाज होती, बाकी काही नाही. दाजींनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "भंतेजी गावाला गेलेत."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं. पुढच्या खेपेला बघ."

असे तीन आठवडे गेले. इकडं ते मधलं दार उघडलं होतं. कात्री थांबली, झोप गेली. दाजी पुन्हा पायरीवर बसायला लागले, छातीवर हात दाबून. अक्का मला म्हणाली, "तू विचार ना रे त्या भंतेजींना. यांच्याकडं बघवत नाही." तेव्हा कुठं मी गेलो.

भंतेजी पडवीत दिवा पुशीत बसले होते. मी चाचरत म्हटलं, मागं येणार होतो, पण आपण गावाला गेला होता असं कळलं. ते हसले. "मी कुठं जाणार बाबा? वर्षावास आहे. तीन महिने भिक्खूनं जागा सोडायची नसते." हे दाजींना माहीत नव्हतं? वस्तीतल्या पोरांना हे शिकवणारे दाजीच होते. मी खोटं बोललो त्याच क्षणी त्यांना कळलं होतं, आणि ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

मी प्रश्न विचारला. भंतेजींना विचार करायलाही वेळ लागला नाही. "नशेसाठी घेतली तर नशा. आजारासाठी घेतली तर औषध. आजाऱ्याला औषध नाकारायला कुणी सांगितलं? जाऊन सांग त्याला, आजच घे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी गाडी डेपोत लावून मी तसाच दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. म्हणाले, "लिहून आण."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"पाचव्याचं माझं मी बघतो, कंडक्टर. तू चौथं सांभाळ."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते रागावून बोलले असते तर मला सोसलं असतं.

तीन दिवसांनी मी भंतेजींच्या हातची चिठ्ठी आणली. दोन ओळींची. दाजींनी ती तीनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि अक्काला म्हणाले, "पाणी दे गं." माझ्यासमोर गोळी घेतली. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "पहिल्यापासून सुरू. पुन्हा तीन आठवडे धीर धरा."

त्या रविवारी दाजींनी पाचवं शील म्हटलं. आवाज कापत होता, पण अडखळले नाहीत. या वेळी त्यांनी रांगेवरून नजर फिरवली नाही. सुताराच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दोन आठवडे झाले होते. गुरुवार होता, मी गाडीवर होतो. अकरा वाजता दाजींच्या छातीत दुखायला लागलं, हात जड झाला, घाम फुटला. अक्का दुकानातच होती. ती उठली तर म्हणाले, "बस गं. नेहमीचीच भीती आहे. अजून आठवडाभर असंच चालायचं, डॉक्टर म्हणालेत ना." अक्कानं वारा घातला, लिंबूपाणी दिलं. हेच दुखणं तिनं पन्नास वेळा पाहिलेलं. दीड वाजता त्यांची मान कलली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ दुखत होतं?"

"अकरापासून."

"मग लगेच का नाही आणलं, बाई?"

"आम्हाला वाटलं, भीती आहे," अक्का म्हणाली.

मी पहिल्या मुक्कामालाच त्या दहा मिनिटांच्या वाटेनं गेलो असतो, तर गोळी चार दिवसही बंद राहिली नसती. भीती आपल्या खोलीत असती, आणि त्या गुरुवारी दाजींना कळलं असतं की हे दुखणं वेगळं आहे, डॉक्टर बोलवा. दुसऱ्या कुणी हा हिशेब मांडलेला नाही. मी मांडला आहे आणि तो चुकत नाही.

दर वर्षी श्रावणात अक्का दाजींच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदन करते. वंदना होते, मग पंगत बसते. पहिलं ताट ती माझ्यासमोर ठेवते आणि नव्या माणसांना सांगते, "यांचं शील अडलं होतं तेव्हा हा माझा भाऊ पावसापाण्यातून सटाण्याच्या विहारात गेला. पहिल्या खेपेला भंतेजी भेटले नाहीत, तरी परत परत गेला. हे स्वतः मला सांगायचे, कंडक्टरनं माझ्यासाठी फार पायपीट केली."

दाजींनी तिला असं सांगितलं होतं. लोक माझ्याकडं कौतुकानं बघतात. अक्का वाढत असते, आणि मी खाली मान घालून जेवतो.