सलग विम्याचा दाखला

लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं जोडीनं काम करतात. माझा जोडीदार अकरा वर्षं एकच होता, आणि त्या अकरा वर्षांत मी त्याला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. आमच्या डेपोत सगळे त्याला ओव्हरलोड म्हणायचे. तो लिफ्टमध्ये पाय ठेवतोय न ठेवतोय तोच कुणीतरी तोंडानं जादा वजनाचा भोंगा वाजवायचं. मीही वाजवलाय. तो हसायचा. हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं आम्ही सोयीनं धरून चाललो होतो.

वजन एकशे एक्कावन्न किलो. पण कान असा, की दार सरकताना ऐकून कोणता रोलर झिजलाय ते सांगायचा. मी मीटर लावून पाहीपर्यंत हा स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार.

एके दिवशी आठ मजली इमारतीच्या मशीनरूममध्ये चढायच्या चौकोनी झडपेत तो कमरेशी अडकला. मी खालून ढकलतोय, वॉचमन वरून ओढतोय, आणि जिन्यात बिऱ्हाडकरू मोबाईल काढून उभे. पाऊण तासानं सुटला तेव्हा दोन्ही कुशी सोलवटल्या होत्या. तो व्हिडिओ दुपारच्या आत डेपोत पोचला.

साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं. अंगानं काटकुळा माणूस, जीभ मात्र विंचवाची.

"उद्यापासून तू फोनवर. तक्रारी लिहून घ्यायच्या. तू चढलास की लिफ्टच आपल्याकडे तक्रार करते."

सगळे हसले. या वेळी तो हसला नाही.

घरी त्याची मोठी बहीण होती. बायको सोडून गेल्यापासून ताईच घर बघायच्या. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकून होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं तेव्हा ताईंनी घर डोक्यावर घेतलं. त्याला शुगर होती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. पण ताईंना त्यातलं काही पटेना.

"पोटाला गाठ मारून घ्यायला तू माणूस आहेस की पिशवी? तोंडाला कुलूप लाव, फुकट काम होईल!"

"वीस वर्षं लावतोय ताई. किल्ली माझ्याकडेच असते ना."

कंपनीच्या सामूहिक विम्यात हे ऑपरेशन बसत होतं, फक्त विभागप्रमुखाची सही लागायची. साहेबांनी ती दोन महिने लोंबकळत ठेवली. शेवटी दिली, पण वर बोलून दाखवलंच, "कंपनीच्या जिवावर बारीक होतोयस. लक्षात ठेव. आता कुठं पळायचं नाही."

ऑपरेशन झालं. त्यानंतरचं दीड वर्ष मी जवळून पाहिलं. दोन घास खाल्ले की याचं पोट भरायचं. तिसरा खाल्ला तर बेसिनकडे धाव. केस गळले. दंडांची, पोटाची कातडी रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी लोंबायला लागली. आयुष्यभर गोळ्या, दर वर्षी रक्ताच्या तपासण्या. पण त्रेसष्ट किलो उतरले. एका सकाळी तो डेपोच्या मागच्या शिडीवरून गच्चीवर गेला, परत खाली आला, पुन्हा वर गेला. असं पाच वेळा. मग घाम पुसत सरळ साहेबांच्या केबिनमध्ये.

"साहेब, मला परत कामावर घ्या. शाफ्टमधल्या."

"फोनवर तुझा आवाज छान येतो," साहेब कागदातून मान न काढता म्हणाले. "लोकांना सवय झालीय."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. तेव्हा त्यानं दुसऱ्या लिफ्ट कंपनीत अर्ज केला आणि त्यांनी एका दिवसाच्या चाचणीवर घेतलं. मला हे त्यानं सांगितलं नाही. मला कळलं साहेबांकडून, सगळ्यांच्या बरोबर, सकाळच्या हजेरीला. अकरा वर्षांचा जोडीदार, आणि मला बातमी हजेरीत मिळते. मी आतून पेटलो. पुढं मी जे केलं त्याला हे कारण पुरत नाही, पण कारण होतं ते हेच.

नव्या कंपनीतही विमा होता. तिथल्या एचआर बाईंना त्यानं पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय. पुढं काही उद्भवलं तर?"

त्यांनी नियम वाचून दाखवला. आधीच्या दुखण्यांना आणि आधीच्या ऑपरेशनमधून होणाऱ्या त्रासाला दोन वर्षं पैसे मिळणार नाहीत. मात्र आधीच्या कंपनीत सलग विमा होता असा दाखला आणला, तर ती दोन वर्षं माफ.

"मग काय, तेरा वर्षं सलग आहे," तो म्हणाला आणि फॉर्मवर ऑपरेशनची तारीख स्वतःच्या हातानं लिहिली. काहीही लपवलं नाही.

दाखला जुनी विमा कंपनी देते, पण पाठवते जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. आणि आमच्या ऑफिसात टपाल उघडायचे साहेब.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी रजिस्टरवर सही घ्यायला केबिनमध्ये गेलो होतो. टेबलावर तपकिरी पाकीट फोडलेलं, त्यातून अर्धा बाहेर आलेला कागद, वर त्याचं पूर्ण नाव. मी वाचतोय हे साहेबांनी पाहिलं. कागद आत सारून पाकीट त्यांनी खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

"येऊ दे मागायला. रांगत येऊ दे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू काही पाहिलं नाहीस. आणि हो, सुपरवायझरची जागा निघतेय. तुझं नाव डोक्यात आहे."

मी काही पाहिलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात त्याला दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली, जेवल्यावर, पाठीत कळ जायची. झपाट्यानं वजन उतरलेल्यांना पित्ताशयात खडे होतात म्हणे. याला झाले होते. हॉस्पिटलनं पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मंजुरी मागितली. नव्या विमा कंपनीनं उत्तर पाठवलं: त्रास आधीच्या ऑपरेशनमुळे उद्भवलेला, सलग विम्याचा पुरावा नाही, मागणी नामंजूर.

त्यानं आमच्या ऑफिसला चार मेल पाठवले. चारही वेळा एकच उत्तर गेलं: 'आपला दाखला प्रक्रियेत आहे.' मग त्यानं मला फोन केला. नोकरी सोडल्यानंतरचा तो पहिलाच फोन.

"अरे, जरा बघशील का? माझा विम्याचा कागद आलाय का तिकडं?"

"मला काय माहीत? ऑफिसचं काम ते."

"तू केबिनमध्ये जातोस म्हणून विचारलं."

"जाताना सांगितलं नाहीस, आता आठवण झाली?"

"तुला सांगितलं असतं तर साहेबांनी तुला पिळून काढलं असतं," तो म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं." आणि फोन ठेवला.

मी तरीही गप्प बसलो. एक दिवस, दोन दिवस, मग पाच आठवडे. गप्प बसायची एक गंमत असते. जितका उशीर होतो तितकं तोंड उघडणं महाग पडतं.

ऑपरेशन पुढं ढकलून तो इंजेक्शनं घेत कामावर जात राहिला, कारण नवी नोकरी, अजून कायम झालेला नाही. एका दुपारी काम करता करताच तो कोसळला. खडा सरकून नळीत अडकला होता, स्वादुपिंड सुजलं होतं. अतिदक्षता विभागात नऊ दिवस.

दहाव्या दिवशी ताई आमच्या डेपोत आल्या. पायात चप्पल, काखेत फाईल, चेहरा दगडासारखा. साहेबांनी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसल्या. मी दारात उभा होतो, हातात दिवसाची कामाची यादी.

"भावाचा दाखला हवाय."

"आला की पाठवू, बाई. विमा कंपनीचा उशीर आहे."

"त्यांच्याकडे जाऊन आले मी. त्यांनी पाठवलाय. तारीख घेऊन आलेय." त्यांनी फाईलमधला कागद टेबलावर आपटला.

साहेबांनी तो पाहिलाही नाही. "टपालात गहाळ होतं कधी कधी. आणि खरं सांगू का? पोट कमी करायला तुमच्या भावाला ही कंपनी चालली. कमी झाल्यावर कंपनी नकोशी झाली. आता दुखलं की परत आम्हीच?"

"त्याचं पोट कापायला माझा तुमच्याहून जास्त विरोध होता," ताई म्हणाल्या. "मी त्याला नको नको ते बोललेय. पण मी एकतीस वर्षं शाळेत दाखले लिहिले. शिक्षकाच्या अंगावर धावून आलेल्या बापाच्या मुलीचासुद्धा दाखला मी एक दिवस अडवला नाही. कागद ज्याचा, त्याला द्यायचा. एवढंही कळत नसेल तर या खुर्चीत कशाला बसलात?"

"आवाज खाली करा. हे ऑफिस आहे."

"तो तिकडं नळ्या लावून पडलाय!"

"त्याला आम्ही काय करणार?"

हे साहेब अगदी सहज म्हणाले. मी धाडसी माणूस नाही. तेव्हाही नव्हतो. पण तोंडातून निघून गेलं.

"खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तपकिरी पाकीट."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कपाटानं बोलायला सुरुवात केलीय. ताई उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या. साहेबांनी ड्रॉवरवर पाय टेकवला. ताई वाकल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत.

"पाय काढा," एवढंच म्हणाल्या, शाळेच्या आवाजात.

साहेबांनी पाय काढला. पाकीट मिळालं. ताईंनी तिथंच उभं राहून दाखला पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, नावातली अक्षरं बोटानं तपासली, फाईलला लावला. दारातून जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नऊ आठवडे झाले," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझ्या घरी जेवलायत तुम्ही," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दाखला दाखल झाल्यावर नव्या विमा कंपनीला निर्णय फिरवावा लागला. दोन वर्षांची अट गेली; अतिदक्षता विभाग, पित्ताशयाचं ऑपरेशन, दर वर्षीच्या तपासण्या, सगळं नव्या विम्यात बसलं. नव्या कंपनीनं त्याला कायम केलं, चार महिने उशिरानं. ताईंनी साहेबांविरुद्ध वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं, 'संबंधितांना समज देण्यात आली आहे.' साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. सुपरवायझरची जागा दुसऱ्याला गेली आणि मला शहराच्या टोकाच्या इमारती मिळाल्या. ते ठीकच झालं.

तो कामावर परतल्यावर एकदा आम्ही समोरासमोर आलो. एका मोठ्या इमारतीत चार लिफ्ट. दोन त्यांच्या कंपनीकडे, दोन आमच्याकडे. तो लिफ्टखालच्या पिटमधून शिडीनं वर येत होता, पंच्याऐंशी किलोचा, कपाळाला ग्रीस. मी पुढं झालो, हात दिला. त्यानं हात घेतला नाही, कठड्याला धरून स्वतःच वर आला.

"मी सांगितलं शेवटी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लाचार वाटला.

"सांगितलंस. ताईनं सांगितलंय मला." तो चिंधीनं बोटं पुसत होता, एकेक करून. "डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी ऑपरेशन झालं असतं तर दोन दिवसांत घरी गेलो असतो. साहेबाचा मला राग नाही रे. त्याच्याकडून मी कसली अपेक्षाच धरली नव्हती."

"मला राग आला होता तुझा. न सांगता गेलास म्हणून."

"मग शिव्या द्यायच्या होत्यास. घरी येऊन कॉलर धरायची होतीस." तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "आपल्या कामात खाली एक माणूस असतो आणि वर लिफ्ट बंद ठेवायच्या स्विचपाशी दुसरा. मी खाली असताना वर तू मला आता नकोस. बाकी काही नाही."

मी त्याला त्याच्या नावानं हाक मारली, खऱ्या नावानं. त्यानं मान हलवली, ऐकलं म्हणून, आणि दुसऱ्या लिफ्टकडे गेला. तिथं त्याची नवी जोडीदार, पंचविशीतली एक मुलगी, दार धरून उभी होती. त्यानं तिला काहीतरी विचारलं, ती हसली, आणि दोघं आत गेले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तो आता त्यांच्याकडे नवीन लोकांना शिकवतो असं ऐकतो. आमचं बोलणं नाही.